उतार गेला कुठे?

मंडळी, आजचा लेख इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका कबुलीजबाबाने करतो.

माझ्याकडे एक एक्केचाळीस सेकंदांची क्लिप आहे. जुलै २०१९ मधली, वेल्ह्याच्या पुढची. पाऊस, हिरवंगार, धुकं, समोर जीपचं बॉनेट आणि त्यापुढे लाल चिखलाची एक बरीच निवांत दिसणारी वाट. एकेचाळिसाव्या सेकंदाला गाडी जरा डावीकडे वळते आणि क्लिप संपते. ऑफिसात कुणालाही दाखवली तर तो म्हणेल, "मस्त रे! कुठे हे? रिसॉर्ट आहे का जवळ?"

प्रत्यक्षात तो उतार असा होता की सीटबेल्ट नसता तर मी डॅशबोर्डवर जाऊन बसलो असतो. आणि शेवटी गाडी 'जरा वळते' तेव्हा ती घसरून आडवी होत एका भातखाचराचा बांध फोडून आत गेलेली आहे. पण त्याकडे नंतर येतो. आधी प्रश्न असा की, तो उतार क्लिपमधून गेला कुठे?

धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्याने सवयीने डीबग करायला बसलो, आणि डीबग करता करता थेट १८९७ सालात पोचलो. तिथून सुरू करू.

*

चालत्या वाहनावर कॅमेरा बांधायची हौस जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी आहे. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. त्याच वर्षी ल्युमिएर कंपनीचा एक कॅमेरामन, अलेक्झांद्र प्रोमिओ, व्हेनिसमध्ये होता. कॅमेरा तेव्हा तिवईवर मुकाट उभा असायचा आणि जग त्याच्यासमोरून जायचं. प्रोमिओने तो गोंडोल्यात, म्हणजे होडीत ठेवला. आता जग उभं आणि कॅमेरा चालतोय! आज यात काही वाटत नाही, पण कुणाला तरी ते पहिल्यांदा सुचावं लागतंच ना.

पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीने आगगाडीच्या तोंडाशी कॅमेरा बसवून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅवरस्ट्रॉ बोगद्यातून नेला. पडद्यावर इंजिन दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, नुसते रूळ अंगावर येतात आणि आपण बोगद्यात घुसतो. जणू एखादं भूत आपल्याला उचलून नेतंय. इंग्रजीत या प्रकाराचं नावच 'फँटम राइड' पडलं. लोक तिकीट काढून हे बघायचे. थोडक्यात, यूट्यूबवर आपण जे बघतो तेच, फक्त धोतर-कोट-हॅट घालून.

यातली माझी आवडती फिल्म १९०६ सालची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माइल्स ब्रदर्सनी केबल कारच्या पुढे कॅमेरा लावून मार्केट स्ट्रीटची तेरा मिनिटांची सैर टिपली. घोडागाड्या, सायकली, मोटारी, मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं, सगळा आनंदीआनंद. १८ एप्रिल १९०६ ला भूकंप आणि आग यांनी हा रस्ता उद्ध्वस्त केला. फिल्म नेमकी कधीची याबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता. मग डेव्हिड कीन या सिनेमा-इतिहासकाराने रस्त्यावरची पाण्याची डबकी, त्या दिवसांतल्या पावसाच्या नोंदी, गाड्यांच्या नंबरप्लेटा असलं सगळं ताडून पाहिलं आणि ती भूकंपाच्या काही दिवस आधीचीच आहे असं दाखवलं. (याला म्हणतात लॉग फाइल वाचणं!)

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ही फिल्म नीट पाहिली तर लक्षात येतं की त्याच त्या मोटारी पुन्हा पुन्हा येतात. केबल कारला वळसा घालून परत कॅमेऱ्यासमोर. रस्ता गजबजलेला दिसावा म्हणून! म्हणजे चालत्या वाहनावर कॅमेरा लागल्याला दहा वर्षं झाली नाहीत, तोच लोक कॅमेऱ्यासाठी गाड्या चालवायला लागले होते.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

*

यानंतर बरीच वर्षं अडचण होती ती वजनाची. कॅमेरा म्हणजे लोखंडी पेटी, त्यात फिल्मचं रीळ, आणि ते रीळ काही मिनिटांत संपणार. त्यामुळे ज्याच्याकडे स्टुडिओचा पैसा त्यालाच हे परवडे.

१९६६ मध्ये जॉन फ्रँकनहायमरने 'ग्राँ प्री' काढला. त्याने भलेथोरले कॅमेरे खऱ्या रेसिंग गाड्यांवर बसवले. कॅमेरा घेऊन पळायला फोर्ड जीटी-४० गाडी आणि चालवायला फिल हिल, जो १९६१ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता! कॅमेरामनच्या ड्रायव्हरचा बायोडेटा यापेक्षा भारी कधी झाला नसेल. १९७० मध्ये स्टीव्ह मॅक्वीनच्या 'ल माँ' चित्रपटासाठी तर कहर केला. चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत कॅमेरे लावलेली एक पोर्शे ९०८ स्पर्धक म्हणून उतरवली. फिल्म बदलायला ती सारखी थांबायची, तरी तिने शर्यत पुरी केली. पण थांबण्यात इतका वेळ गेला की अंतर कमी भरलं आणि अधिकृत निकालात तिचा नंबर धरला नाही.

मातीतल्या गाड्यांकडे कॅमेरा वळला तो १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात. दिग्दर्शक ब्रूस ब्राऊन, म्हणजे ज्याने आधी सर्फिंगवरचा 'द एंडलेस समर' केला तोच, आणि पैसा पुन्हा मॅक्वीनच्या कंपनीचा. विषय मोटरसायकली: वाळवंट, चिखल, सरळ उभे डोंगर. यात ब्राऊनने हेल्मेटवर कॅमेरा लावून चित्रण केलं. डोक्यावर फिल्मचा कॅमेरा घेऊन खडकाळ वाळवंटात मोटरसायकल... मानेचं काय झालं असेल कल्पना करा. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मानेला काही मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मग आला व्हिडिओ. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत चॅनेल सेव्हनने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवला आणि चित्र हेलिकॉप्टरमार्गे थेट घराघरांत पोचवलं. विल्यमसन गाडी चालवता चालवता समालोचकांशी गप्पाही मारत होता. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ च्या जर्मन ग्राँ प्रीत रेनोने एक जादा गाडी कॅमेरा लावून उतरवली. ड्रायव्हर फ्रांस्वा एस्नो. आठ फेऱ्यांनंतर क्लच गेला. (डेमोच्या दिवशीच नेमकं काहीतरी जातं, हा आपल्या धंद्याचाच नियम नाही म्हणायचा.)

आणि १९८७ मध्ये मार्क शुल्झ नावाच्या गृहस्थाने माउंटन बाइकिंगचा व्हिडिओ बनवताना मोटरसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा चढवला आणि त्याची वायर पाठीवरच्या सॅकमधल्या व्हीएचएस रेकॉर्डरला जोडली. मला हे चित्र फार आवडतं. इथे स्टुडिओ नाही, हेलिकॉप्टर नाही. एक माणूस, एक सायकल आणि पाठीवर व्हीसीआर. आजच्या अॅक्शन कॅमेऱ्याचा खरा पूर्वज हाच. पुढची वीस वर्षं फक्त ती सॅक रिकामी करण्यात गेली.

*

ती कशी रिकामी झाली? इथे हिरो एक नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली, तिच्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. १९९० च्या दशकात नासाच्या जेपीएलमध्ये एरिक फॉसम आणि मंडळींनी सीमॉस सेन्सर कामाचा करून दाखवला: स्वस्त, कमी वीज खाणारा. मग फ्लॅश मेमरी कार्डं आली. २००३ मध्ये एच-२६४ हे व्हिडिओ दाबून लहान करायचं तंत्र प्रमाणित झालं. आणि २००५ मध्ये यूट्यूब आलं, म्हणजे काढलेलं दाखवायचं कुणाला हाही प्रश्न मिटला.

या सगळ्याच्या मधोमध निक वुडमन उभा होता. डॉटकॉमच्या पडझडीत कंपनी बुडालेला, आणि मग ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाला सर्फिंगला गेलेला. लाटेवर असताना आपलाच फोटो काढता यावा म्हणून मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा, एवढीच मूळ कल्पना. २००२ मध्ये कंपनी, २००४ मध्ये पहिला 'गोप्रो हिरो'. तो चक्क ३५ मिमी रोलचा कॅमेरा होता, डिजिटल नव्हे! २००६ मध्ये डिजिटल आला, तोही एका वेळी जेमतेम दहा सेकंदांचा व्हिडिओ घेणारा आणि पेन्सिल सेलवर चालणारा.

गाड्यांच्या माणसांनी इथे कॉलर ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे, या कॅमेऱ्याला मनगटावरून उतरवलं ते मोटारीने. वुडमन रेसिंग शिकायला गेला तेव्हा गाडीत लावायला कॅमेरा भाड्याने मिळत होता. त्याने भाडं न देता आपलाच कॅमेरा रोलबारला बांधला आणि सगळे भोवती जमले. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की हा काही फक्त सर्फिंगचा कॅमेरा नाही, कुठेही बांधता येतो. २००८ मध्ये १७० अंशांची रुंद लेन्स आली आणि २०१० पर्यंत हायडेफिनिशन. २०१४ च्या जूनमध्ये कंपनी २४ डॉलरच्या भावाने शेअर बाजारात आली. पुढे तो शेअर कसा चढला आणि कसा घरंगळला तो वेगळ्या रविवारचा विषय. पण त्या उतरणीचं शूटिंग कुठल्याही कॅमेऱ्यात सपाट दिसणार नाही!

आपल्याकडे याच सुमारास गाडीची बाजूही तयार होती. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या, स्वातंत्र्यानंतर महिंद्रने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि पुढची कित्येक दशकं जीप म्हणजे एकतर सरकारी खात्याची नाहीतर वडापची. शनिवार-रविवारी मुद्दाम चिखलात घालायची वस्तू ती नव्हती. २०१० मध्ये थार आली आणि आयटीतल्या पगारदारांना ऐन कर्ज काढायच्या वयात खेळणं मिळालं. २०१४ मध्ये गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजही भरली. कॅमेरा स्वस्त, गाडी आवाक्यात, सह्याद्री दोन तासांवर. आता फक्त आम्ही जायचं बाकी होतं.

*

आता बगकडे. उतार गेला कुठे?

पहिलं कारण अगदी साधं आहे आणि मला ते कळायला लाज वाटावी इतका वेळ लागला. कॅमेरा गाडीला घट्ट बांधलेला असतो. गाडी उताराला लागली की कॅमेराही तेवढाच झुकतो. म्हणजे कॅमेरा आणि रस्ता यांच्यातला कोन सपाट रस्त्यावर जेवढा, तेवढाच ३० अंशांच्या उतारावर. ३० अंश म्हणजे आडवं शंभर फूट जाताना सुमारे ५८ फूट खाली. चित्रात मात्र रस्ता तोच, तसाच. उतार ओळखायला उरतात फक्त झाडं आणि क्षितिज. पावसाळ्यात क्षितिज धुक्यात आणि झाडंही अर्धी गायब. गाडीत बसलेल्याला उतार कळतो तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे आणि पोटात येणाऱ्या गोळ्यामुळे. हे दोन्ही मेमरी कार्डावर उतरत नाहीत.

दुसरं कारण लेन्स. हे कॅमेरे साधारण १५-१६ मिमी लेन्सच्या बरोबरीचं रुंद दृश्य घेतात. नेहमीच्या ५० मिमीच्या तुलनेत मधली वस्तू तिसरा हिस्सा दिसते. दहा फुटांवरचा खड्डा तीस फुटांवर गेल्यासारखा वाटतो आणि सगळी वाट लांब, ताणलेली, सौम्य होते.

तिसरं कारण म्हणजे आमचे धंदेबंधू. सीमॉस सेन्सर चित्र एकदम नाही, एकेक ओळ करून वाचतो. गाडी थरथरली की वरची ओळ एका जागी, खालची दुसरीकडे, आणि चित्र जेलीसारखं डुलतं. जुन्या क्लिपा बघून डोकं दुखायचं ते यामुळे. मग कॅमेऱ्यात जायरोस्कोप आले आणि सॉफ्टवेअर प्रत्येक धक्का मोजून चित्र उलट सरकवायला लागलं. २०१८ च्या हिरो-७ पासून तर हे इतकं चांगलं झालं की खडकांवरून जाणारी गाडी लोण्यावरून गेल्यासारखी दिसते. पुढे क्षितिज आडवंच ठेवायची सोयही आली. त्यात बॉनेट फ्रेममध्ये नसेल तर गाडी एका अंगाला किती कलली तेही पुसलं जातं. प्रत्येक नव्या आवृत्तीत आम्ही हुशार लोक खरं काय झालं ते आणखी थोडं पुसतो, आणि त्याला फीचर म्हणतो.

मग क्लिप मिळमिळीत दिसते. मग आणखी तीव्र उतार शोधायचा, आणखी वेगात घालायची. रस्ता अवघड आहे म्हणून नव्हे, तो व्हिडिओत अवघड दिसत नाही म्हणून. खरी भानगड ही आहे.

*

तर, जुलै २०१९.

आम्ही पाच जण, दोन गाड्या. तो उतार पहिल्यांदा आम्ही व्यवस्थित उतरलो होतो. लो रेंज, पहिला गिअर, एक जण खाली उतरून हातवारे करत वाट दाखवतोय, सगळं पुस्तकातल्यासारखं. खाली येऊन मी क्लिप बघितली. लेन्सवर पाण्याचा थेंब होता. वरून सगळं सपाट. मीच म्हणालो, "अरे, काहीच आलं नाही. परत एकदा घे ना, जरा जोरात." वाट दाखवायला उतरलेल्या मित्रालाही मीच म्हणालो, "तू फ्रेममध्ये येतोयस, बाजूला हो."

गाडी चालवणारा म्हणाला, "चिखल घोटून झालाय रे आता." मी म्हणालो, "लास्ट टेक."

पुढचं वर सांगितलंच आहे. बांध दहा-बारा फूट फुटला. खाचरातलं पाणी खालच्या खाचरात धबधब्यासारखं गेलं आणि चारच दिवसांपूर्वी लावलेली रोपं त्याबरोबर निघाली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेले एक काका धावत आले. आम्हाला वाटलं आता शिव्या. त्यांनी आधी विचारलं, "कुनाला लागलं का?"

"नाही काका."

"मग बास." एवढं बोलून ते बांधाकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. शिव्या परवडल्या असत्या.

गाडी त्यांच्याच पुतण्याच्या ट्रॅक्टरने निघाली. दुपारभर आम्ही त्यांच्या फावड्याने दगड-माती भरून बांध घातला. ते शांतपणे आमचा बांध परत उकरून नीट घालत होते. पैसे दिले, त्यांनी घेतले, पण मोजले नाहीत. चहा त्यांच्याच घरचा. चहा पिताना त्यांनी विचारलं, "पर तुमी आला कशापायी व्हता हिथं?"

काय सांगणार? मी क्लिप दाखवली. त्यांनी मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिली.

"ह्यात तर उतारच न्हाई," ते म्हणाले. "आन माझं खाचर बी न्हाई."

*

क्लोद लल्यूशने १९७६ मध्ये एक आठ मिनिटांची फिल्म केली होती. पहाटेच्या पॅरिसमधून, लाल सिग्नल तोडत, एकाच शॉटमध्ये भन्नाट वेगाने जाणारी गाडी. फेरारीचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. गाडी प्रत्यक्षात मर्सिडीज होती आणि आवाज लल्यूशच्या फेरारीचा, मागाहून चढवलेला. पूर्वी मला ही लबाडी फार भारी वाटायची. आता ती फिल्म बघताना मी फुटपाथवर कुणी माणूस आहे का ते बघतो.

मातीतल्या सगळ्या फिल्मांत माझ्या मते श्रेष्ठ म्हणजे १९८९ ची 'क्लाइंब डान्स'. १९८८ मध्ये आरी वातानेनने प्यूजो ४०५ घेऊन पाइक्स पीक हा चौदा हजार फुटांवरचा डोंगर, तेव्हाच्या कच्च्या रस्त्याने, १५६ वळणं, १० मिनिटं ४७ सेकंदांत सर केला, त्याची. त्यात एका ठिकाणी सूर्य डोळ्यांवर येतो आणि वातानेन एका हाताने डोळ्यांवर सावली धरून दुसऱ्या हाताने गाडी वळवतो. उतार-चढ कळतात ते तिथे. डोंगर चित्रात आहे, कडा आहे, माणसाचा हात आहे. कुठे काय पणाला लागलंय ते बघणाऱ्याला दिसतं. गाडीसाठी रस्ता बंद केलेला होता, हेही विसरू नका.

मी अजून जातो, कॅमेराही नेतो. पण काही गोष्टी बदलल्या. कॅमेरा एक गाडीत आणि एक बाहेर, बाजूने, म्हणजे उतार उतारासारखा दिसतो. गाडीतल्या फ्रेममध्ये बॉनेट आणि दाराचा खांब ठेवायचा, क्षितिज सरळ करायचं बटन बंद. वाट दाखवणारा माणूस फ्रेममध्ये आला तर आला. शेताकडेच्या वाटेला जायचंच नाही. आणि सगळ्यात मुख्य, दुसरा टेक नाही. पाण्याचा थेंब आला तर थेंब.

त्या दिवाळीत मी मिठाई घेऊन काकांकडे गेलो होतो. वरच्या खाचरात भात कमरेएवढा होता. खालच्यात मधोमध एक विरळ पट्टा, पाणी गेलं होतं बरोबर त्या रेषेत. काका काही बोलले नाहीत, मीही नाही. खिशात मोबाईल होता, फोटो काढावासा वाटला.

नाही काढला.